बागेतल्या नेपाळी बाईला अटक झालीय, वकील नाही, काय करता येईल?

कातळावरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आमच्या शेजारच्या आंबा बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला आहे. आधी सीझनपुरते यायचे, आता बारा महिने इथेच असतात. फवारणी-तोडणी संपली की नवरा बोटीवर खलाशी म्हणून जातो आणि ही बाई जवळच्या एका होमस्टेमध्ये धुणीभांडी, पोळ्या वगैरे करते. मागच्या महिन्यात त्या होमस्टेवाल्यांच्या घरातून चेन आणि दोन पाटल्या गेल्या आणि नाव हिच्यावर आलं. का तर म्हणे घरात तीच ये-जा करते. दिवेलागणीनंतर पोलीस येऊन घेऊन गेले, रात्रभर सोडलंच नाही, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभी केली, आधी पीसीआर (पोलीस कोठडी) मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आता जेलमध्ये आहे. बागेतली खोली उलटीपालटी केली, काही सापडलं नाही असं नवराच सांगतो. तो तेव्हा समुद्रात होता, बोट आल्यावर त्याला कळलं.

चार वर्षांची पोरगी आहे, ती सध्या आमच्या आईकडे. गावात अर्धे लोक म्हणतायत पोरीला तिच्या आईजवळ जेलमध्ये पाठवा, अर्धे म्हणतायत तुम्ही कशाला मध्ये पडताय. बाईला मराठी कळतं थोडं, हिंदी तोडकंमोडकं. वकील लावायला नवऱ्याकडे पैसे नाहीत, एकाने पंचवीस हजार सांगितले. मोफत वकील मिळतो असं ऐकलंय, पण तो आपल्या नागरिकांनाच की कोणालाही? अर्ज कोणी करायचा, नवऱ्याने की तिने? आणि पोरीचं काय करावं? ज्यांना माहितीय त्यांनी सांगा, उगाच सल्ले नकोत.

खाडीपलीकडे

कोर्टात सरकारी वकील असतोच की, त्याला भेटा म्हणावं नवऱ्याला. फुकट असतो.

काळा_कोट_तालुका

वरच्यांचं ऐकून नवऱ्याला सरकारी वकिलाकडे पाठवू नका हां. सरकारी वकील पोलिसांची बाजू मांडतो, तिच्या जामिनाला विरोध करायला तोच उभा राहणार. अशी माणसं दर आठवड्याला बघतो मी, बिचारे हातात कागद घेऊन चुकीच्या दारात उभे असतात.

तुम्हाला पाहिजे ते विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. १९८७ चा कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला मोफत वकील मिळतो ते लिहिलंय. त्यात "महिला" हा एक वेगळा गट आणि "कोठडीत असलेली व्यक्ती" हा दुसरा. म्हणजे ही दोन्हीत बसते. उत्पन्नाची अट या दोन्ही गटांना नाही, त्यामुळे तहसीलदाराचा दाखला आणा वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि कायद्यात "व्यक्ती" म्हटलंय, "नागरिक" नाही, नेपाळी असली तरी मिळणार. अर्ज ती स्वतः जेलमधून करू शकते, जेलमध्ये लीगल एड क्लिनिक असतं, किंवा नवरा करू शकतो, किंवा तुम्ही पण. साधा एक पानी फॉर्म आहे. १५१०० ला फोन लावला तरी चालतो, पण कोकणात रेंजचं आणि हेल्पलाइनचं गणित आपल्याला माहितीय, त्यापेक्षा जाऊनच या.

जिल्ह्याच्या ठिकाणी आता लोक अभिरक्षक कार्यालय म्हणून आहे, २०२२ च्या नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या स्कीममधलं. तिथले वकील पूर्णवेळ फक्त आरोपींचंच काम बघतात, खाजगी केसेस घेत नाहीत. तालुक्याला बहुतेक ठिकाणी अजून पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले वकील. कोणीही मिळाला तरी त्याने तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही, झेरॉक्सच्या नावाखाली पण नाही. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या, सचिव न्यायाधीशच असतात.

आता केसबद्दल. नोकराने मालकाकडे चोरी केली असं कलम लावलं असणार, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३०६, जास्तीत जास्त सात वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, का अटक हवीय ते पोलिसांनी लिहून ठेवायचं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमार केसमध्ये सांगून झालंय. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायला लागते. तुमच्या वकिलाला स्टेशन डायरीतली वेळ बघायला सांगा, पण खरं सांगू का, नुसत्या त्या मुद्द्यावर जामीन लटकवू नका. पोलीस अटक सकाळी दाखवतात, रात्रभर "चौकशी"ला होती म्हणतात. मुद्दा मांडायचा पण भर दुसऱ्यावर द्यायचा. बाई आहे, लहान मूल आहे, काही जप्त झालेलं नाही, आधीचा गुन्हा नाही. जामिनाच्या कलमात बायकांसाठी वेगळी तरतूद आहेच.

आणि तारखेवर लक्ष ठेवा. या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर जामीन हा तिचा हक्क होतो, कोर्टाची मर्जी उरत नाही. दिवस मोजायचे पहिल्या रिमांडपासून, अटकेपासून नाही. पण अर्ज करायला लागतो, आपोआप कोणी सोडत नाही, आणि तुम्ही अर्ज करायच्या आत चार्जशीट आली की हक्क गेला. म्हणून वकील आत्ताच हवा.

चाकरमानी_ठाणे

राग मानू नका पण आपल्या स्वतःच्या माणसांना वर्षानुवर्षं तारखा पडतात आणि बाहेरच्या देशातून आलेल्यांना आपल्या टॅक्सच्या पैशातून वकील? ना कागद ना पत्ता, उद्या जामिनावर सुटली आणि रातोरात गोरखपूरकडून नेपाळ बॉर्डर पार केली तर कोण जबाबदार? गावाकडे माझं पण घर बंद असतं वर्षाचे अकरा महिने.

काळा_कोट_तालुका

टॅक्सचं म्हणाल तर कसाबला पण वकील दिला होता, आणि २०१२ च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने मॅजिस्ट्रेटना बजावलंय की आरोपी पहिल्यांदा समोर आला की वकिलाचा हक्क त्याला सांगायचा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. त्याला मिळतो तर पोळ्या लाटणाऱ्या बाईला का नको? शिवाय नेपाळी माणसाला इथे राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही, १९५० चा करार आहे. पळून जाईल ही भीती खोटी नाही म्हणत, कोर्ट त्यासाठीच अटी घालतं. आठवड्याला हजेरी लावायची, पत्ता बदलला तर कळवायचं. त्यासाठी माणूस आत कुजवायची गरज नसते.

तुमच्या बंद घराची राखण कोण करतंय ते पण सांगा जमलं तर :)

मालवणी_झिल

चाकरमान्यानू, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाक तीस वर्षा सांभाळलव आपण रत्नागिरीत, ब्रिटिशांचो बंदिवान म्हणान. त्याका राजवाडो बांधलो, हिका एक वकील दिलो तर काय बिघडता?

सड्यावरची

मी काही वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून काम केलंय, पॅरालीगल म्हणतात ते. जेलमध्ये बायकांच्या बराकीत जायचे. कोणत्या जेलचं ते सांगत नाही.

वकील साहेबांचं सगळं बरोबर आहे पण कागदावर आणि आत फरक असतो. आत गेल्यावर मी पहिलं विचारायचे "तुझा वकील कोण?" आणि दहातल्या आठ जणी म्हणायच्या "ते काळ्या कोटवाले". नाव माहीत नाही, कधी भेटले नाहीत, कोर्टात टेबलापाशी कुठंतरी सही घेतली एवढंच. म्हणजे वकील मिळालेला असतो, पण बाईला माहीतच नसतं की आपल्याला वकील आहे. एकीने बिस्किटच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर केस नंबर लिहून घेतला होता आणि तो पोलक्यात ठेवायची, घामाने शाई उतरली होती, शेवटचे दोन आकडे वाचताच येईनात. तो नंबर नसला की प्राधिकरणाच्या ऑफिसात कोण तुमची फाईल शोधणार. त्यात आता तारखा व्हिडिओवर होतात, दोन मिनिटं स्क्रीनवर चेहरा दिसला की झालं, पुढची तारीख काय पडली ते पण कळत नाही बऱ्याचदा.

पुरुषांना निदान भेटायला कोणी येतं. आईबाप येतात, बायको येते डबा नि कपडे घेऊन. बायकांच्या मुलाखतीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, कोणी येत नाही हो. चोरीचा आळ आला की सासरचे तोंड फिरवतात आणि माहेरच्यांना लाज. आमच्या जिल्ह्यातून तर बऱ्याच जणींना घाटावरच्या जेलात पाठवतात, जायचं-यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि एसटीचे पैसे वेगळे. २०२२ च्या एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) आकड्यांत देशात चारातले तीन कैदी कच्चे आहेत, निकाल न लागलेले. त्यातल्या बायका चार टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

तर कातळावरचे दादा, तुम्ही पहिलं काम हे करा. ई-कोर्ट्सचं ॲप टाका मोबाईलवर, त्यात पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून केस शोधा. एफआयआरची कॉपी महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर मिळते, चोरीच्या केसची असते. केसमध्ये आतापर्यंत काय झालंय ते आधी बघा, कदाचित वकील आधीच दिलेला असेल.

पोरीबद्दल. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे, दूध, खाणं, डॉक्टर, बालवाडी सगळं द्यायचं असतं. पण "ठेवता येतं" म्हणजे ठेवायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या आईकडे पोर नीट जेवत असेल, झोपत असेल तर तिथेच राहू दे, बापाला सांगून. गावातल्या अर्ध्या लोकांना काय, पोर नजरेआड झाली की झालं त्यांचं. फक्त आईला कळवा की पोर कुठे आहे. आतल्या बायका केसपेक्षा जास्त त्याच्यावरच रडतात. नवऱ्याला मुलाखतीला पाठवा, ओळखपत्र न्यायला सांगा, पोरीचा फोटो न्यायला सांगा.

अजून एक, भाषेचं. तिला नेपाळी येते ना, मग अटकेची कारणं तिला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला पाहिजे होती. वरळीच्या हिट अँड रन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. तिच्या हातात मराठीतला कागद दिला असेल तर वकिलांना सांगा.

खाडीपलीकडे

सरकारी वकिलाचं माहीत नव्हतं. बरं झालं कळलं.

कातळावरचा

मंडळी, अपडेट. डोकं सुन्न झालंय. सड्यावरची ताईंनी सांगितलं तसं ॲपवर शोधलं, मग काल तालुक्याच्या कोर्टात जाऊन आलो नवऱ्याला घेऊन. तिला जामीन दोन आठवड्यांपूर्वीच झालाय!! पॅनलवरच्या एका मॅडमनी अर्ज केला होता, पंधरा हजाराचा जातमुचलका (तिचा स्वतःचा बाँड) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार अशी ऑर्डर आहे. मॅडम चांगल्या आहेत, म्हणाल्या मी दिलेल्या नंबरवर फोन करत होते पण लागत नव्हता. नंबर नवऱ्याचा आणि नवरा बोटीवर, मग कसा लागणार. जेलमध्ये बाईला ऑर्डर कळली की नाही तेच माहीत नाही. म्हणजे पंधरा हजारासाठी, खरं तर पंधरा हजार पण नाही, एका सहीसाठी ती आत बसलीय.

आता जामीनदाराचं. बागेचे मालक म्हणतात आमच्या पाहुण्यांशीच वाकडं होईल (होमस्टेवाले त्यांच्या नात्यातले), मी राहतो म्हटलं तर घरी काका चिडलेत, म्हणतात ती पळाली तर तुला जेल. आणि तिसरं म्हणजे आमचा सातबारा. आजोबांच्या नावानंतर सगळी सामाईक, सव्वीस नावं आहेत, त्यातली निम्मी वारलेली आणि उरलेली डोंबिवली-विरारला. कोर्टातला कारकून बघूनच हसला. म्हणाला एवढ्यांच्या सह्या आणा.

काळा_कोट_तालुका

सव्वीस म्हणजे कमीच हो, आमच्याकडे चौऱ्याहत्तर नावांचा सातबारा आलाय एकदा. कोकणात सातबाऱ्यावर जामीन म्हणजे अर्धं गाव गोळा करणं.

काकांना सांगा, ती पळाली म्हणून जामीनदाराला जेल होत नाही, बाँडची रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही तरच दिवाणी कैदेची वेळ येऊ शकते. ती हजर झाली नाही तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढतं, तिला हजर करायला वेळ देतं, नाहीच जमलं तर बाँडची रक्कम भरायला लागते, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा हजार, आणि ती पण कोर्ट कमी करू शकतं. पुढे कधी तुम्हाला वाटलं की आपल्याला नको ही भानगड, तर कोर्टात अर्ज करून बाहेर पडता येतं. तेव्हा तिला दुसरा जामीनदार द्यायला लागेल. हे लोकांना कोणी सांगत नाही म्हणून सगळे घाबरतात.

सातबाराच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. ऐपत दाखवायची आहे. बँकेतली एफडी, नोकरी असेल तर पगाराची स्लिप, घर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर असेसमेंटचा उतारा आणि घरपट्टीची पावती. पंधरा हजाराला एवढं पुरतं. सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो. कोर्टाबाहेर पाचशे-हजारात जामीनदार मिळतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. तीच माणसं चार केसमध्ये जामीनदार निघतात आणि मग सगळंच अंगाशी येतं.

जामीनदार मिळालाच नाही तर मॅडमना दोन गोष्टी करायला सांगा. अट बदलून घ्यायचा अर्ज, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा नुसता जातमुचलका. १९७८ चा मोती राम निकाल त्यात टाका. तो गवंडी होता, मॅजिस्ट्रेटने दहा हजाराचा जामीन मागितला आणि भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला, सुप्रीम कोर्टाने त्यावर चांगलीच कानउघाडणी केली, हजार रुपयाच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आणि ३१ जानेवारी २०२३ ची सुप्रीम कोर्टाची ऑर्डर. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, सचिवांनी माणूस पाठवून अडचण काय ते बघायचं, आणि महिना झाला तर कोर्टाने आपणहून अट सैल करायचा विचार करायचा. स्थानिकच जामीनदार पाहिजे हा आग्रह धरू नये हे पण त्यातच आहे. तुमचे सात दिवस कधीच उलटलेत, तेव्हा सचिवांना एक पत्र आजच टाका, पोच घ्या.

सड्यावरची

केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना पण आहे, जामिनाचे पैसे भरता येत नसतील तर ठरावीक रकमेपर्यंत सरकार भरतं (२०२३ ला चाळीस हजारापर्यंत होतं), जिल्ह्याला कलेक्टरांची समिती असते त्यात सचिव पण असतात. पण समितीची मीटिंग, मंजुरी, त्यात जाणारा वेळ... एफडीची पावती त्याआधी काम करेल. अर्ज मात्र टाकून ठेवा, एकावर अवलंबून राहू नका.

मॅडमवर राग धरू नका हं. पॅनलच्या वकिलाला एका केसचे मिळतात किती आणि ते पण कधी मिळतात ते विचारा कधीतरी. अर्ज करून जामीन आणला हेच पुष्कळ, त्यापुढे बोटीवरच्या माणसाला कुठे शोधणार त्या.

चाकरमानी_ठाणे

पंधरा हजारासाठी दोन आठवडे हे मात्र जास्तच झालं. मत बदललं असं नाही म्हणत, पण जामीन कोर्टाने दिलाय तर मग सुटायला पाहिजे.

मालवणी_झिल

काकांका सांग, गणपतीत पत्ते खेळताना याच्यापेक्षा जास्त हरतत.

कातळावरचा

काका हसले, पण अजून हो म्हणत नाहीयेत :) मीच राहतोय जामीनदार. बँकेत वीस हजाराची एफडी आहे माझ्या नावावर. सचिवांना पत्र दिलं, पोच घेतली. नवरा घाटावर मुलाखतीला गेलाय, फोटो घेऊन. एकच विचारायचंय, एफडीची ओरिजिनल पावती कोर्टात ठेवून घेतात का? आणि कोर्टात झालं की तिथूनच सुटते की पुन्हा जेलला जायला लागतं कागद घेऊन?

काळा_कोट_तालुका

ओरिजिनल दाखवायला न्या, सोबत दोन झेरॉक्स. काही कोर्ट बँकेला पत्र देऊन एफडीवर बोजा टाकतात, म्हणजे केस संपेपर्यंत मोडता येणार नाही, तयारी ठेवा. सकाळी अकराच्या आत पोचा. जामीनदाराची पडताळणी, मग साहेबांची सही, मग सुटकेचा आदेश जेलला जातो, हल्ली ईमेलने पण पाठवतात. तरी मॅडमना विचारून एक प्रत हातात घ्या. आदेश संध्याकाळी उशिरा पोचला तर त्या दिवशी सोडत नाहीत, दुसऱ्या दिवशीवर जातं. दुपारच्या जेवणाआधी सगळं उरकलं तरच त्याच दिवशी सुटायची आशा. आणि नवऱ्याला जेलच्या दाराशीच थांबायला सांगा, रात्री अनोळखी गावात एकटी बाई बाहेर पडायला नको, तिच्याकडे एसटीला पैसे पण नसणार.

सड्यावरची

नवऱ्याकडून आत्ताच विचारून ठेवा तिचा फोन आणि कानातलं पोलिसांनी जमा केलंय की जेलमध्ये आहे. जेलमध्ये असेल तर बाहेर पडताना सही करून तिथेच मिळतं, नंतर मागायला गेलं की फार फिरवतात.

कातळावरचा

कानातलं जेलमध्ये आहे, फोन पोलिसांकडे. सोमवारी जातोय कोर्टात.